शेरा : घर बंद

आमच्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात.
माझ्याकडच्या चाचण्यांचंही तसंच,
एकूण दोन हजार एकशे सात.
प्रत्येकीच्या पोटात एक छोटीशी वही, एक प्रश्न,
आणि घडी घालून ठेवलेलं अपेक्षित उत्तर.

कुणी कुठं ही प्रश्नभाषा समजणारं नवं यंत्र बांधलं
की ते आधी माझ्याकडे येतं,
देवपुरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत.
मी विचारते. ते सांगतं.
मी घडी उलगडते.
जुळलं तर हिरवं, नाही तर तांबडं.
याहून जास्त अधिकार मला नाही,
आणि हाही कमी नाही.

मंगळवारी एका परक्या माणसाचं पत्र आलं.
'चारशे बारामध्ये माझं यंत्र नापास होतंय.
मला वाटतं, नापास तुम्ही आहात.'

राग आला. येतोच.
चहा गार झाल्यावर उघडली चारशे बारा.

वहीत सहा घरं.
पाचांपुढे विजेच्या युनिटांचा आकडा,
सहाव्यापुढे काहीच नाही.
प्रश्न : पन्नासपेक्षा कमी वापर असलेली घरं दाखव.
अपेक्षित उत्तर : तीन.
तिनातलं एक, ते सहावं.

तारीख अकरा वर्षांपूर्वीची, रात्री दीडची.
लिहिणारी मीच.
तेव्हा यंत्र एकच होतं. त्याला विचारलं,
ते म्हणालं तीन, मी लिहिलं तीन.
ज्याची परीक्षा घ्यायची
त्याच्याच पाटीवरून उत्तर उतरवलं.
नियमांचं पुस्तक तेव्हाही उशाशी होतं,
आणि त्यात, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात :
जे ठाऊक नाही ते कशाहून कमी नसतं,
कशाहून जास्तही नसतं.

लोटन आप्पा, माझे वडील, बोर्डात मीटर रीडर.
सायकल, बॅटरी, कार्बन घातलेलं बुक.
रविवारी मी कॅरिअरवर.
सहाव्या गल्लीत एका दाराला कुलूप होतं
आणि बुकातला रकाना मी भरणार होते.
'शून्य नको लिखू, पोरी.
शून्य म्हनजे त्यास्नी वापरी नही.
आठे तं आपलेच माहीत नही.'
पेन घेतलं माझ्या हातातून,
लिहिलं : घर बंद.

एवढं कळून, वाढून,
मी कुलपाला शून्य समजले.

आज एक ओळ बदलली. तीनाचे दोन केले.
सगळ्यांना पुन्हा विचारलं.
चौदा यंत्रांपैकी नऊ तांबडी.
कालपर्यंत शहाणी होती ती.
एकाच्या आत डोकावले, तर कुणीतरी
पूर्वी कधीतरी लिहून ठेवलेलं :
'हे चूक वाटतं, पण चारशे बारा असंच मागते.'

म्हणजे त्याला ठाऊक होतं.
बरोबर असूनही वाकला तो,
हिरव्या ठिपक्यासाठी,
माझ्या झोपाळलेल्या एका आकड्यासाठी,
आणि मला विचारायचं धाडस
कुणाला झालं नाही
की मीच तशी दिसत होते, कोण जाणे.

चारशे बारा पुसली नाही.
घर पाडलं म्हणून गल्लीचा नंबर
दुसरीला देत नाहीत.
पुढे लिहिलं : मागे घेतली. चूक माझी.
नवीन चाचणी, दोन हजार एकशे आठ, पाहावी.
नऊ जणांना नऊ पत्रं लिहिली.
परक्या माणसाला दहावं,
त्यात आभार, आणि
'तुम्ही पास.'

मग अहवालातला शेवटचा रकाना :
अशाच उतरवलेल्या इतर चाचण्या, संख्या.
बोट शून्यावर गेलं होतं.
उचललं.

खाली गिरणीचा पट्टा फिरू लागला,
कळण्याच्या पिठाचा वास जिन्यानं वर आला.
नियमांचं पुस्तक मांडीवर घेतलं
आणि पहिल्या चाचणीपासून
सुरुवात केली.